आपोआप सरकणारी स्टिक : एका गेम कंट्रोलरच्या घरगुती दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

तक्रार आणि पूर्वपीठिका

ज्या कंट्रोलरविषयी हे टिपण आहे तो सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलचा, ड्युअलशॉक ४ या प्रकारचा, पहिल्या आवृत्तीचा आहे. ही मालिका २०१३ साली प्लेस्टेशन ४ बरोबर बाजारात आली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. सुधारित आवृत्तीत टचपॅडच्या वरच्या कडेला प्रकाशाची एक बारीक रेघ दिसते. ती इथे नाही, एवढ्यावरून आवृत्ती ओळखता येते. ही ओळख पटवणे आवश्यक असते, कारण आतले सर्किट बोर्ड, रिबन पट्ट्यांच्या (चपट्या केबलींच्या) पिनांची संख्या आणि काही जोडण्या आवृत्तीनुसार बदलतात आणि भलताच सुटा भाग आणला तर तो बसतच नाही.

कंट्रोलर माझ्या भाच्याचा. पुण्यात शिकायला आल्यावर त्याने तो कन्सोलसकट एका मित्राकडून वापरलेला घेतला होता. म्हणजे आधीच्या मालकाची काही वर्षे आणि नंतर वसतिगृहातील खोलीभर मुलांचे हात, एवढी सेवा त्याने बजावलेली होती. तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली : “मामा, मी हातसुद्धा लावत नाही, तरी माझा प्लेअर वरच्या बाजूला पळत सुटतो.” अधिक विचारल्यावर कळले की हा प्रकार फक्त डाव्या स्टिकचा, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या डाव्या दांड्याचा आहे, खेळाडू नेहमी वरच्याच दिशेला सरकतो, आणि स्टिक दोन-चार वेळा गोल फिरवली की काही मिनिटे सगळे ठीक चालते. ही शेवटची बाब महत्त्वाची होती आणि ती विचारल्याशिवाय त्याने सांगितली नसती.

माझ्याकडे येण्यापूर्वी कंट्रोलर वसतिगृहाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आला होता. तेथे स्टिकच्या मुळाशी कसला तरी फवारा मारून तो परत देण्यात आला. तो आठवडाभर चालला, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस दुकानदाराने दोन्ही स्टिक बदलाव्या लागतील, हमी मिळणार नाही, त्यापेक्षा नवा घ्या, असा सल्ला दिला. हा सल्ला धंद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, पण त्यामागे कोणतेही मोजमाप नव्हते. नेमका कोणता भाग बिघडला आहे हे त्या दुकानात कोणी पाहिलेच नव्हते, आणि या प्रकरणातील मुख्य मुद्दा माझ्या मते तोच आहे.

उघडण्याआधीची तपासणी

स्टिक आपोआप सरकणे, ज्याला खेळणारी मुले सरसकट ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, हे लक्षण आहे. ते एकच दुखणे नव्हे. त्यामागे किमान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. पहिले, स्टिकच्या आतील संपर्कावर धूळ किंवा झिजलेल्या कार्बनची भुकटी साचणे. दुसरे, ज्या कार्बनच्या पट्ट्यावर संपर्क घासतो तो पट्टाच झिजणे. तिसरे, स्टिकला मध्यभागी परत आणणारी स्प्रिंग सैल पडणे किंवा कंट्रोलरच्या स्मृतीत नोंदलेला मध्यबिंदू प्रत्यक्ष मध्यबिंदूशी न जुळणे. पहिल्याला सफाई पुरते, दुसऱ्याला भाग बदलावाच लागतो, आणि तिसऱ्यातील दुसऱ्या प्रकाराला स्क्रू ड्रायव्हरची गरजही पडत नाही.

हे तिन्ही प्रकार कंट्रोलर न उघडता बऱ्यापैकी वेगळे काढता येतात. कंट्रोलर केबलने संगणकाला जोडून ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासण्याचे कोणतेही पान उघडले की प्रत्येक स्टिकचे दोन अक्ष, आडवा आणि उभा, उणे एक ते अधिक एक या दरम्यानच्या आकड्यांत दिसू लागतात. हा कंट्रोलर प्रत्येक अक्षाची स्थिती ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत कळवतो आणि मध्य १२८ च्या आसपास असतो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा साधारण ०.००८ च्या टप्प्यांनी बदलतो. मोकळ्या सोडलेल्या स्टिकचे वाचन नेमके शून्य क्वचितच असते. शून्याच्या जवळ दोन-चार शतांशाचा फरक सगळ्याच कंट्रोलरमध्ये आढळतो आणि खेळ तो ‘डेडझोन’ नावाच्या मर्यादेत गिळून टाकतात.

या कंट्रोलरच्या उजव्या स्टिकचे दोन्ही अक्ष आणि डाव्याचा आडवा अक्ष त्या मर्यादेत होते. डाव्याचा उभा अक्ष मात्र मोकळ्या स्थितीत उणे ०.१८ ते उणे ०.३१ यांच्यामध्ये सतत थरथरत होता. उणे म्हणजे वरची दिशा, म्हणजे तक्रारीशी वाचन जुळत होते. पण त्या आकड्याच्या मोठेपणापेक्षा त्याचे थरथरणे अधिक बोलके होते. मध्यबिंदूची नोंद चुकलेली असती तर आकडा शून्यापासून दूर, पण एका जागी स्थिर राहिला असता. स्प्रिंग सैल पडली असती तर स्टिक वरून सोडल्यावर एक आकडा आणि खालून सोडल्यावर दुसरा, पण दोन्ही स्थिर, असे दिसले असते. स्टिकला कोणी हात लावलेला नसताना आकडा नाचत राहतो याचा अर्थ विजेचा संपर्कच डळमळीत आहे. शिवाय स्टिक गोल फिरवल्यावर ती काही वेळ सुधारते, या भाच्याच्या निरीक्षणाचाही अर्थ तोच : घासण्याने भुकटी थोडी बाजूला होते आणि पुन्हा जमते.

याच टप्प्यावर दोन सोप्या शक्यता निकालात काढल्या. कंट्रोलरच्या मागील बाजूस, एल-२ बटणाजवळ, एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून आतले बटण काही सेकंद दाबले की कंट्रोलर रीसेट होतो. तो केला, वाचनात फरक पडला नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढवूनही पाहिला. ०.३१ पर्यंतचा नाच लपवायचा तर डेडझोन सुमारे एक-तृतीयांश करावा लागतो आणि मग स्टिक हलकेच ढकलून खेळाडूला चालवणे अशक्य होते. तो एकतर उभा राहतो नाहीतर धावतो. हा उपाय नसून लक्षण झाकणे आहे, तरी ०.०६-०.०८ एवढ्याच सरकण्याला तो पुरतो आणि अशा वेळी कंट्रोलर उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

आत नेमके काय झिजते

ड्युअलशॉक ४ मधील प्रत्येक स्टिकच्या मॉड्यूलला, म्हणजे तिच्या मुळाशी असलेल्या सुट्या जोडभागाला, दोन पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. प्रत्येकाला तीन टोके असतात. दोन टोकांमध्ये कार्बनचा, साधारण १० किलोओहम रोधाचा अर्धगोलाकार पट्टा असतो आणि तिसऱ्या टोकाला जोडलेला धातूचा नाजूक संपर्क त्या पट्ट्यावरून घासत जातो. स्टिक हलली की संपर्काची जागा बदलते, तिसऱ्या टोकावरचा व्होल्टेज बदलतो आणि तोच बोर्डावरील चिप आकड्यात मोजते. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण फिरवताना जी खरखर ऐकू येते तीही अशाच पट्ट्यावरच्या डळमळीत संपर्काची असते. फरक एवढाच की तेथे ती कानाला कळते आणि येथे खेळाडू पळून जातो.

झीज पट्ट्यावर सगळीकडे सारखी होत नाही. स्टिक बहुतेक वेळ मध्यभागी किंवा मध्याच्या आसपास असते, त्यामुळे संपर्क तेथेच सर्वाधिक घासतो आणि चर पडतो तोही तेथेच. म्हणूनच दोष स्टिक सोडून दिलेली असतानाच उघड होतो. टोकापर्यंत ढकललेली स्टिक मात्र अगदी बरोबर वाचते, आणि कंट्रोलर ‘मधूनमधून’ बिघडतो असा मालकाचा समज होतो. अशा मॉड्यूलच्या माहितीपत्रकात आयुष्य साधारण २० लाख फेऱ्यांचे दिलेले असते. आकडा मोठा वाटतो, पण स्टिक सतत हलवावी लागते अशा खेळात मिनिटाला शंभर हालचाली धरल्या तरी हिशेब ३३० तासांच्या आसपास जातो. वसतिगृहात एवढे तास भरायला फार काळ लागत नाही. तेव्हा आठ-नऊ वर्षे वापरलेल्या कंट्रोलरचा हा दोष म्हणजे सरळ वापराची झीज आहे, त्यात कोणाला बोल लावण्यासारखे काही नाही.

ही अडचण एका जातीपुरतीही नाही. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरमधील स्टिकची रचना चपटी आणि वेगळी आहे, पण संपर्क कार्बनच्या पट्ट्यावरच घासतो. जुलै २०१९ मध्ये त्यावरून अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५ हजार तक्रारी घेऊन युरोपीय आयोगाचे दार ठोठावले. घासणारा संपर्कच नको म्हणून चुंबक आणि त्याची जागा न टेकता ओळखणारा हॉल संवेदक वापरण्याची युक्ती जुनीच आहे. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ती होती. आज तशी मॉड्यूल सुटी मिळतात आणि या प्रकरणातही त्यांचा विचार झाला. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सफाई, आणि तिची मर्यादा

पहिला प्रयत्न सफाईचाच करायचा ठरले, कारण तिचा खर्च नगण्य असतो आणि ती फसली तरी निदान पक्के होते. यासाठी ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. घरात उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीने हे काम करण्याचा मोह अनेकांना होतो, पण सॅनिटायझरमध्ये पाणी असते, बहुधा ग्लिसरिनही असते, आणि ते चिकट थर मागे ठेवते. गंजलेले नट सोडवण्यासाठी मिळणारे तेलकट फवारेही येथे वर्ज्य. ते क्षणभर संपर्क सुधारतात आणि नंतर धूळ धरून ठेवतात. दुकानात मारलेला फवारा कोणता होता हे कळायला मार्ग नाही, पण कंट्रोलर उघडल्यावर डाव्या स्टिकच्या मुळाशी राखाडी चिकट वंगण साचलेले होते, एवढे नोंदवतो.

कंट्रोलर उघडणे हे या कामातले सर्वांत भीतीदायक वाटणारे आणि प्रत्यक्षात सोपे काम आहे. मागे चार बारीक स्क्रू असतात. त्यांना फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरचे पीएच-०० या बारीक मापाचे टोक लागते, आणि थोडे मोठे टोक लावून जोर केला तर स्क्रूची चौफुली गुळगुळीत होते. स्क्रू काढल्यावर हाताच्या मुठींकडील बाजूने, गिटार वाजवण्याच्या प्लास्टिकच्या पत्तीने, दोन्ही कवचांमधील फट रुंदावत न्यावी. खटके एकेक सुटतात. येथे घाई नडते, कारण मागचे कवच आणि मुख्य बोर्ड यांच्यामध्ये एक रिबन पट्टी आहे : चार्जिंगचे बारीक बोर्ड मागच्या कवचात असते आणि ते त्या पट्टीने जोडलेले असते. कवच झटक्याने ओढले तर ही पट्टी फाटते. ती वेगळी विकत मिळते, पण आवृत्तीनुसार तिच्या पिना १०, १२ किंवा १४ असतात, हे बाजारात जाण्यापूर्वी मोजून घ्यावे. एल-२ आणि आर-२ या ट्रिगरच्या स्प्रिंगा याच वेळी उडी मारतात. पांढऱ्या टॉवेलवर काम केल्याचा फायदा तेव्हा कळतो.

कवच उघडताच प्रथम बॅटरीची जोडणी काढली. ही ३.६५ व्होल्टची, १००० एमएएचची लिथियम-आयन बॅटरी आहे. ती फुगलेली असेल तर पुढचे काम थांबवून ती बदलणे हेच पहिले काम ठरते. या कंट्रोलरची बॅटरी सपाट होती. त्यानंतर बॅटरीची प्लास्टिकची खुर्ची, टचपॅडची पट्टी आणि बोर्ड धरून ठेवणारा एकमेव स्क्रू काढला की बोर्ड मोकळा होतो. कंपन देणाऱ्या दोन मोटारी तारांनी बोर्डालाच डाखलेल्या (सोल्डर केलेल्या) असतात, म्हणून त्या मुठींतील खाचांतून अलगद उचलून बोर्डाबरोबरच बाहेर घ्याव्यात. या तारा तुटणे हा घरगुती दुरुस्तीतला नेहमीचा अपघात आहे.

बोर्ड हातात आल्यावर मल्टिमीटरने मोजमाप घेतले. तुलनेला उजवी स्टिक त्याच बोर्डावर निरोगी अवस्थेत उपलब्ध होती, ही मोठी सोय. निरोगी नमुना शेजारीच असताना माहितीपत्रक शोधत बसावे लागत नाही. उजव्या स्टिकच्या उभ्या पोटेन्शियोमीटरचा मधला संपर्क आणि एक टोक यांच्यामधील रोध स्टिक सावकाश हलवताना सलग वाढत-घटत होता. डाव्याच्या त्याच पोटेन्शियोमीटरमध्ये मध्याजवळ येताच मीटरचा आकडा उड्या मारू लागे आणि मध्यापासून दूर जाताच शांत होई. आडव्या अक्षाच्या पोटेन्शियोमीटरमध्ये असे काही नव्हते. अर्थात मॉड्यूल नव्हे, त्यातला एकच पोटेन्शियोमीटर दोषी होता.

पोटेन्शियोमीटरचे बाजूचे प्लास्टिकचे झाकण दोन नाजूक हुकांनी अडकवलेले असते. ते चिमट्याने सोडवले की झाकणाच्या आतल्या अंगाला काळा पट्टा आणि समोर फिरती चकती दिसते. भिंगाखाली पट्ट्याच्या मध्यावर नखाच्या टोकाएवढी चकाकणारी खूण होती, म्हणजे चर पडायला सुरुवात झालेली होती. पट्टा आणि चकतीवरील धातूचे पाते अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसले, वाळू दिले, झाकण परत बसवले आणि कंट्रोलर जोडून पाहिला. वाचन उणे ०.०३ वर येऊन स्थिर झाले. भाचा खूश होऊन घेऊन गेला. मी त्याला सांगून ठेवले होते की भिंगाखाली दिसलेली खूण पुसून जाणारी नाही. महिना व्हायच्या आतच तोच दोष त्याच दिशेने परतला.

काय बदलायचे

येथून पुढचा निर्णय खरा कौशल्याचा होता, आणि तो हातापेक्षा डोक्याने घ्यायचा होता. पर्याय तीन होते. एक, डाव्या स्टिकचे पूर्ण मॉड्यूल नवे बसवणे. दोन, त्याजागी हॉल संवेदकाचे मॉड्यूल बसवणे. तीन, फक्त दोषी पोटेन्शियोमीटर बदलणे.

इंटरनेटवरील बहुतेक चित्रफिती पहिला पर्याय दाखवतात. पूर्ण मॉड्यूल बोर्डाला १४ ठिकाणी डाखलेले असते : दोन पोटेन्शियोमीटरच्या सहा पिना, स्टिक दाबण्याच्या बटणाच्या चार आणि धातूच्या चौकटीचे चार पाय. चौकटीचे पाय बोर्डाच्या अर्थिंगच्या मोठ्या तांब्याच्या पृष्ठभागाला जोडलेले असल्यामुळे ते उष्णता शोषून घेतात आणि डाख लवकर वितळत नाही. त्यातून कारखान्यातील डाख शिसेविरहित असतो. तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो, तर हौशी कामात वापरला जाणारा ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंशांना. न सुटणारी पिन ओढली तर छिद्राच्या आतला तांब्याचा अस्तर-थर तिच्याबरोबर निघून येतो आणि मग बिघाड स्टिकचा न राहता बोर्डाचा होतो. घरगुती दुरुस्तीत कंट्रोलर कायमचे निकामी होतात ते बहुधा याच ठिकाणी.

हॉल संवेदकाच्या मॉड्यूलने संपर्क झिजण्याचा प्रश्नच मिटतो, ही गोष्ट खरी. पण तेही त्याच १४ ठिकाणी बसवावे लागते, त्याचा मध्यबिंदू व टोके मूळ मॉड्यूलपेक्षा वेगळी असल्यामुळे नंतर जुळवणी अनिवार्य होते, आणि एकाच कंट्रोलरच्या एका स्टिकची चाल दुसरीपेक्षा निराळी लागते. दोन्ही स्टिक मोडकळीला आल्या असत्या तर मी तोच मार्ग घेतला असता. येथे सहांपैकी तीन पिनांपुरता दोष असताना १४ जोडण्यांना हात घालणे मला अनाठायी वाटले.

म्हणून तिसरा पर्याय. सुटा पोटेन्शियोमीटर म्हणून तो वेगळा सहसा मिळत नाही. त्यासाठी नवे मॉड्यूल आणून त्याचा एक पोटेन्शियोमीटर काढून घ्यावा लागतो. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशी मॉड्यूल मिळतात आणि ऑनलाइनही मिळतात. किंमत नव्या कंट्रोलरच्या तुलनेत किरकोळ असते. घेताना जुन्या मॉड्यूलचा फोटो दाखवावा आणि पोटेन्शियोमीटरची उंची व हुकांची जागा जुळते का ते पाहावे. स्टिकच्या टोपणाची ‘ग्रिप’ पाहून निवड करणाऱ्यांना दुकानदार दिसायला तसेच, पण दुसऱ्या कंट्रोलरचे मॉड्यूल बिनदिक्कत देतो.

डाख काढणे आणि देणे

तीन पिनांचे काम असले तरी पद्धत तीच. प्रथम प्रत्येक पिनेवर फ्लक्स (डाख नीट पसरवणारे रसायन) लावून थोडा शिशाचा नवा डाख मुद्दाम चढवला. काढायच्या जागी आणखी घालायचे हे नवशिक्याला उलटे वाटते, पण जुन्या शिसेविरहित डाखात शिशाचा डाख मिसळला की मिश्रण कमी तापमानाला वितळते आणि पिनेच्या दोन्ही बाजूंपर्यंत उष्णता पोहोचते. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवून, डाख पूर्ण चमकदार व पातळ झाल्यावर सोल्डर सकरने तो ओढून घेतला आणि उरलेला तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपला. तीनही पिना छिद्रात मोकळ्या हलताहेत याची चिमट्याने खात्री झाल्यावरच पोटेन्शियोमीटर चौकटीपासून सोडवला. पिन हलत नसेल तर ओढायचे नाही. पुन्हा डाख चढवायचा आणि पुन्हा ओढायचा. शिशाच्या डाखाचे काम खिडकी उघडी ठेवून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

ज्यांना पूर्ण मॉड्यूलच बदलावे लागेल त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण ती फार थोडे जण सांगतात. जुने मॉड्यूल अखंड बाहेर काढण्याचा अट्टहास सोडावा. ते कटरने तोडून त्याचे तुकडे आधी काढून घ्यावेत आणि बोर्डात उरलेले पाय एकेक करून तापवून चिमट्याने उपसावेत. चौदा जोडण्या एकाच वेळी वितळवण्याची कसरत त्यामुळे टळते. किंमत बोर्डाला आहे, झिजलेल्या मॉड्यूलला नाही.

नव्या मॉड्यूलचा पोटेन्शियोमीटर काढताना त्याची चकती आणि झाकण एकत्र घेतले. नवे झाकण आणि जुनी चकती अशी सरमिसळ केल्यास झिजलेले पाते नव्या पट्ट्यावर घासत राहते. चकतीतील खाच स्टिकच्या दांड्याच्या चपट्या बाजूशी जुळवून बसवली, तीन पिना छिद्रांत आल्या, पोटेन्शियोमीटर बोर्डाला काटकोनात टेकला आहे हे पाहून डाख दिला. तो तिरका राहिला तर दांड्यावर बाजूने ताण येतो आणि स्टिक एका दिशेने जड लागते. बोर्ड अल्कोहोलने पुसून फ्लक्सचा थर काढला.

बंद करताना एक नवी अडचण निघाली. कवच मिटल्यावर स्टिक ठीक होती, पण चौकोनाचे आणि डाव्या बाणाचे बटण दाबले तरी प्रतिसाद येईना. पहिल्या आवृत्तीत बटणांखालची प्लास्टिकची वाहक पट्टी बोर्डाला प्लगने जोडलेली नसते. एका छोट्या फोमच्या तुकड्याच्या दाबाने ती बोर्डावरील संपर्कांना टेकलेली असते. वर्षानुवर्षे दबलेला फोम एकदा मोकळा झाला की पूर्वीइतका दाब देत नाही. उपाय सोपा आहे : फोमच्या पाठीला इन्सुलेशन टेपचा एक पदर चिकटवून त्याची जाडी किंचित वाढवली आणि दोन्ही बटणे चालू झाली. टेपचे थर जास्त झाले तर उलट बटणे आपोआप दाबली गेल्यासारखी वागू लागतात. ज्याला कंट्रोलर उघडल्यावर ‘आणखीच बिघडला’ असे वाटते, त्याने बोर्डाला दोष देण्यापूर्वी हा फोम पाहावा.

जुळवणी

पोटेन्शियोमीटर बदलल्यावर उभ्या अक्षाचे वाचन उणे ०.०९ वर आले आणि तेथेच स्थिर राहिले. थरथर गेली होती. उरला होता तो निव्वळ मध्यबिंदूचा फरक. येथे अनेक जण निराश होतात, नवे मॉड्यूलही खराब निघाले असे समजून ते पुन्हा काढतात आणि बोर्ड दुसऱ्यांदा तापवतात. वास्तविक कंट्रोलरच्या स्मृतीत जुन्या पोटेन्शियोमीटरचा मध्य नोंदलेला असतो आणि नव्याचा मध्य त्याच्याशी तंतोतंत जुळण्याचे कारणच नाही.

ड्युअलशॉक ४ साठी ही नोंद बदलण्याचे मुक्त स्रोत साधन आता ब्राउझरमध्ये चालते. क्रोम किंवा एज लागतो आणि कंट्रोलर केबलने जोडावा लागतो, ब्लूटूथवर हे काम होत नाही. मध्य जुळवताना स्टिक चारही कोपऱ्यांत ढकलून सोडून द्यायची असते आणि साधन प्रत्येक वेळी ती कोठे स्थिरावते ते टिपते; टोके जुळवताना ती कडेकडेने सावकाश गोल फिरवायची असते. बदल आधी तात्पुरता राहतो आणि तो तपासून समाधान झाल्यावर कायमचा लिहिता येतो. आमच्याकडे मध्य जुळवल्यावर वाचन शून्य ते ०.०१ च्या दरम्यान बसले. टोकांच्या जुळवणीत स्टिक वरच्या दिशेला पूर्ण १ पर्यंत जाते की ०.९५ लाच अडते हे पाहणे तितकेच गरजेचे असते, नाहीतर खेळाडू पूर्ण वेगाने धावतच नाही. नकली कंट्रोलरवर हे साधन चालत नाही, आणि बाजारात नकलांचा सुळसुळाट असल्यामुळे ही जोडणी काम सुरू करण्यापूर्वीच करून पाहणे शहाणपणाचे. कंट्रोलर नकली निघाला तर नवा भाग बसवून मध्य जुळवायचा कसा, हा प्रश्न तसाच राहतो.

खर्च, आणि सद्यःस्थिती

या कामात विकत घेतले ते एक मॉड्यूल, अल्कोहोलची बाटली आणि फ्लक्स. सोल्डरिंग आयर्न, सकर आणि मल्टिमीटर घरात होते. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याने केवळ एका कंट्रोलरसाठी ही सामग्री जमवली तर हिशेब नव्या कंट्रोलरच्या बराच जवळ जातो, आणि आधी जुन्या भंगार बोर्डावर डाख काढण्याचा सराव केल्याशिवाय हात घालूही नये. अशांनी सफाई आणि जुळवणी स्वतः करावी आणि डाखण्याचे काम मोबाइलच्या बोर्डांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला द्यावे; पण देताना ‘डाव्या स्टिकचा उभा पोटेन्शियोमीटर’ असे नेमके सांगावे. ‘स्टिक खराब आहे’ एवढेच सांगितले तर दोन्ही मॉड्यूल बदलली जातील.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. तिची सुरुवातीची क्षेत्रे शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी होती. गेम कंट्रोलरचा स्वतंत्र उल्लेख त्यांत नाही, त्यामुळे अशा उपकरणांसाठी सुट्या भागांची वाट सध्या तरी तापकीर गल्लीतूनच जाते.

कंट्रोलर पुन्हा वसतिगृहात गेला आहे. डाव्या स्टिकचा उभा अक्ष स्थिर आहे. त्याच मॉड्यूलचा आडवा पोटेन्शियोमीटर मात्र जुनाच आहे. त्याच्या पट्ट्यावरही मध्याजवळ पुसट खूण दिसली होती आणि त्याचे वाचन अजून मर्यादेत असल्यामुळे तो मुद्दाम बदललेला नाही. नव्या मॉड्यूलमधला उरलेला पोटेन्शियोमीटर त्यासाठी पिशवीत घालून, वर अक्षाचे नाव लिहून ठेवला आहे, आणि भाच्याने अधूनमधून ब्राउझरमध्ये त्या अक्षाचे वाचन पाहून ते ०.०८ च्या पुढे गेले किंवा थरथरू लागले तर कळवायचे, असे ठरले आहे.